सप्लिमेंटची डबी कशी वाचावी: परवाना, मात्रा, इतर औषधांशी होणारे झगडे आणि तक्रारीची वाट

मेडिकलच्या एकाच फळीवर अश्वगंधेच्या तीन डब्या शेजारी शेजारी दिसतात. एकीवर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी क्रमांक असतो. दुसरीवर ‘आयुर्वेदिक औषध’ असं छापून उत्पादन परवान्याचा क्रमांक दिलेला असतो. तिसरीवर नुसतंच ‘शुद्ध, नैसर्गिक, साइड इफेक्ट नाही’. आतली मुळी तिन्हींत एकच असू शकते, पण कायद्याच्या लेखी पहिली डबी अन्न आहे, दुसरी औषध आहे आणि तिसरी बेवारस आहे. उत्पादकाला काय दाखवावं लागलं, त्याला कोणता दावा करता येतो आणि गडबड झाली तर तुम्ही कोणाचं दार ठोठवायचं, हे सगळं परवान्यावर ठरतं. म्हणून डबीची पुढची बाजू सोडून द्या आणि ती फिरवून मागची बारीक अक्षरं वाचा. मोबाइलच्या कॅमेऱ्याने मोठी करून वाचली तर सोपं जातं.

आधी परवाना ओळखा

अन्न म्हणून विकली जाणारी सप्लिमेंट अन्नसुरक्षा आणि मानके कायदा, २००६ खाली येतात. त्यांच्यासाठी वेगळे विनियम २०१६ मध्ये निघाले, १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले आणि २०२२ मध्ये नव्याने मांडले गेले. त्यानुसार डबीवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ किंवा ‘न्यूट्रास्युटिकल’ असा प्रकार लिहिलेला हवा. ‘औषधी उपयोगासाठी नाही’ हे वाक्य हवं. रोजची मात्रा आणि ती ओलांडू नये ही सूचना हवी. हे वैविध्यपूर्ण आहाराला पर्याय नाही आणि मुलांच्या हाती लागू देऊ नये, हेही लिहिलेलं हवं. पुढे मोठ्या अक्षरांत ‘मधुमेहावर गुणकारी’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशी डबी हाती आली, तर ती परत फळीवर ठेवा. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

एफएसएसएआय क्रमांकाचा पहिला आकडा १ असेल तर तो परवाना, २ असेल तर छोट्या व्यावसायिकाची नुसती नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे: महाराष्ट्राचा परवाना ११५ ने सुरू होतो, केंद्रीय परवाना १०० ने. त्यानंतरचे दोन आकडे परवाना दिल्याचं वर्ष सांगतात. एका डबीवर दोन-तीन क्रमांक दिसले तर बिचकू नका. एक बनवणाऱ्याचा, दुसरा विकणाऱ्या ब्रँडचा, आयात माल असेल तर आणखी एक आयातदाराचा. पाहायचा तो बनवणाऱ्याचा. हेल्थ सप्लिमेंट बनवण्याचा धंदा केंद्रीय परवान्याचा आहे. त्यामुळे बनवणाऱ्याच्या नावापुढे २ ने सुरू होणारा क्रमांक दिसला, तर बहुधा मसाले किंवा फरसाणाच्या नोंदणीवर गोळ्या भरल्या जात आहेत.

क्रमांक नुसता छापलेला असून भागत नाही, तो तपासावा लागतो. ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपमध्ये किंवा एफएसएसएआयच्या ‘फॉसकॉस’ पोर्टलवर तो टाका आणि आलेल्या माहितीत तीन गोष्टी जुळवा: डबीवरचं नाव-पत्ता तोच आहे का, परवाना चालू आहे का, आणि तो कोणत्या प्रकारच्या उत्पादनासाठी दिला आहे. फसवणूक बहुतेकदा तिसऱ्या ठिकाणी सापडते. क्रमांक खरा असतो, कंपनीही खरी असते, पण परवाना बेकरीचा असतो. आणि ‘एफएसएसएआय अप्रूव्ह्ड’ या शब्दांनी दिपून जाऊ नका. परवाना व्यवसायाला मिळतो. त्या डबीतल्या गोळीची गुणवत्ता सरकारने तपासून पसंत केली, असा त्याचा अर्थ होत नाही.

आयुर्वेदिक औषधांचं घर वेगळं आहे: औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० मधलं प्रकरण चार-अ. इथे दोन जाती आहेत. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांत जो पाठ आहे, त्याच पाठाने बनवलेलं ते शास्त्रोक्त औषध. त्याच्या लेबलवर शार्ङ्गधरसंहिता, भैषज्यरत्नावली असा ग्रंथाधार दिलेला असतो. परवाना घेताना हा आधार पुरतो, नव्या चाचण्या मागितल्या जात नाहीत. दुसरी जात प्रोप्रायटरी औषधांची. घटक ग्रंथांतले, पण मिश्रण कंपनीचं. त्यांच्यासाठी २०१० मध्ये आलेल्या नियम १५८-ब नुसार प्रसिद्ध साहित्य आणि छोट्या प्रमाणावरचा अभ्यास दाखवावा लागतो. आधुनिक औषधाला जेवढ्या माणसांवरच्या चाचण्या द्याव्या लागतात, त्याच्याशी याची तुलना होत नाही. हे समजून घेऊनच ‘क्लिनिकली टेस्टेड’ हे शब्द वाचावेत.

‘आयुष मंत्रालयाची मान्यता’ असं छापलेलं दिसलं तर तो थेट खोटेपणा समजा. परवाना राज्य देतं, मंत्रालय नव्हे, आणि मंत्रालय कोणत्याही कंपनीला किंवा उत्पादनाला मान्यता देत नाही. महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए, पाहतं.

आयुर्वेदिक डबीवर एक सूचना मुद्दाम शोधा: ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’, इंग्रजी आणि हिंदीत. ही सूचना अनुसूची ई(१) मधल्या विषारी द्रव्यांसाठी सक्तीची आहे. त्या यादीत बचनाग, कुचला, धोत्रा, बिब्बा, गुंज, कण्हेर, कळलावी, रुई आहेत, तसेच पारा, हिंगूळ, हरताळ, मनशीळ आहेत. शोधन, म्हणजे शुद्धीकरण, करून ही द्रव्यं औषधात वापरतात, आणि शोधनात कसूर झाली तर तीच जिवावर बेततात. अशी गोळी शेजाऱ्याला लागू पडली म्हणून आणून घ्यायची नसते. मुदतही बघा. चूर्णाला २ वर्षं, आसव-अरिष्टांना १० वर्षं असे प्रकारवार आकडे नियमांत आहेत, त्यामुळे चार वर्षांपूर्वीचं चूर्ण ‘आयुर्वेदिक आहे, खराब होत नाही’ म्हणून कोणी हातात दिलं तर घेऊ नका.

२०२२ पासून ‘आयुर्वेद आहार’ हा आणखी एक कप्पा आहे. ग्रंथांतल्या पाककृतींवरचे खाद्यपदार्थ त्यात येतात. त्यांत जीवनसत्त्वं-खनिजं वरून घालता येत नाहीत आणि २४ महिन्यांखालील बाळांसाठी ते विकता येत नाहीत. होमिओपॅथीची औषधं पुन्हा निराळ्या नियमांखाली. तिथे सामान्य माणसाने एवढंच पाहावं की बाटलीवर मदर टिंक्चर (मूळ, पातळ न केलेला अर्क) लिहिलं आहे का. त्यात अल्कोहोल चांगलंच असतं, मुलांना देताना आणि यकृताच्या रुग्णांनी ते लक्षात ठेवावं.

मग अंकगणित

सर्वांत जास्त पैसे वाया जातात ते इथे. पुढे छापलेला आकडा आणि शरीराला मिळणारा आकडा हे वेगळे असतात.

कॅल्शियम घ्या. ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिग्रॅ’ या गोळीत प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० मिग्रॅ असतं, कारण कार्बोनेटमध्ये ते ४० टक्के. सायट्रेटमध्ये साधारण २१ टक्के, म्हणून १००० मिग्रॅ सायट्रेटच्या गोळीतून २१० मिग्रॅच मिळतं. लेबलवर ‘एलिमेंटल’ हा शब्द शोधा, तोच खरा आकडा. कार्बोनेट जेवणासोबत घ्यावं, कारण त्याला जठरातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांना सायट्रेट बरं पडतं. एका वेळी ५०० मिग्रॅपेक्षा जास्त कॅल्शियम नीट शोषलं जात नाही, त्यामुळे हजाराची मात्रा सकाळ-संध्याकाळ विभागावी.

फिश ऑइलचंही तसंच. ‘१००० मिग्रॅ’ हे तेलाचं वजन. मागे ईपीए १८०, डीएचए १२० लिहिलेलं असेल तर कामाचं ओमेगा-३ फक्त ३०० मिग्रॅ. दोन ब्रँडची तुलना करताना किमतीला या बेरजेने भागा. स्वस्त डबी अनेकदा महाग निघते.

वनस्पतींच्या अर्कात टक्केवारी बघायची. अश्वगंधेचा ५०० मिग्रॅ अर्क आणि त्यात ५ टक्के विथॅनोलाइड्स (तिच्यातले कामाचे घटक) म्हणजे २५ मिग्रॅ. ‘१०:१’ असा अर्क ५०० मिग्रॅ घेतला तर तो पाच ग्रॅम मुळीच्या बरोबरीचा असल्याचा दावा आहे. म्हणून आजीच्या काळापासून दुधात अर्धा चमचा घेतात, काही होत नाही, हा युक्तिवाद कॅप्सूलला लागू होत नाही. घरगुती वापर भुकटीचा होता, कॅप्सूलमध्ये तीच वनस्पती आटवून भरलेली असते. हळदीचं तर आणखी पुढे गेलं आहे. अर्कात मिरीतलं पायपेरीन मिसळतात, जेणेकरून हळदीतलं करक्युमिन कित्येक पटींनी जास्त शोषलं जावं. वरणातली चिमूट आणि ही गोळी यांचा संबंध उरत नाही. नुसतं ‘प्रोप्रायटरी ब्लेंड ८०० मिग्रॅ’ लिहून घटकांची वेगवेगळी मात्रा दिली नसेल, तर ती डबी घेऊ नये. हिशेबच करता येत नसेल तर डॉक्टरांना दाखवणार काय?

जीवनसत्त्वांसाठी आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संशोधन संस्थेने २०२० मध्ये ठरवलेली रोजची गरज हाताशी ठेवा. प्रौढांना कॅल्शियम १००० मिग्रॅ, ड जीवनसत्त्व ६०० युनिट, बी-१२ २.२ मायक्रोग्रॅम. लोह पुरुषांना १९ आणि स्त्रियांना २९ मिग्रॅ. आता घरातल्या सगळ्या डब्यांची बेरीज करा: मल्टिव्हिटॅमिन, प्रोटीन पावडर, मुलांच्या दुधात घालायची पावडर, केसांच्या गमी. एकाच घटकाची भर चार ठिकाणांहून पडत असते. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं बरीचशी लघवीवाटे जातात. अ आणि ड मात्र चरबीत साठतात. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी म्हणजे १०० दिवसांची गरज एका घोटात. ती डॉक्टर आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे देतात. ‘रोज एक’ असा समज करून घेतला की रक्तातलं कॅल्शियम चढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान सुरू होते आणि शेवटी मूत्रपिंड दुखावतं. लेबलवर ड जीवनसत्त्व मायक्रोग्रॅममध्ये लिहिलं असेल तर ४० ने गुणा, युनिट मिळतील.

प्रोटीन पावडरीत चमच्याचं वजन आणि त्यातलं प्रोटीन हे दोन आकडे घ्या. ३३ ग्रॅमच्या चमच्यात २४ ग्रॅम म्हणजे ७३ टक्के. ५० टक्क्यांखाली गेलं की तुम्ही साखर आणि माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून बनवलेली भुकटी) विकत घेत आहात. प्रयोगशाळेत प्रोटीन बहुधा नायट्रोजनवरून मोजतात, म्हणून ग्लायसिन, टॉरिनसारखी स्वस्त अमिनो आम्लं घालून आकडा फुगवता येतो. घटकांच्या यादीत ती सुटी दिसली तर संशय घ्या. २०२४ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रोटीन सप्लिमेंटची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी २५ डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा प्रत्यक्षाशी जुळला नाही. मुळात गरज वजनाच्या दर किलोला ०.८३ ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. डाळ, दही, उसळ, अंडी मोजून पाहा, मग पावडरीचा विचार करा.

चालू औषधांशी भांडण

डॉक्टर विचारतात, कोणती औषधं चालू आहेत? रुग्ण बीपीची गोळी सांगतो, काढा सांगत नाही. तो त्याच्या लेखी औषध नसतोच. म्हणून गोळ्यांच्या यादीबरोबर डब्यांच्या मागच्या बाजूचे फोटोही मोबाइलमध्ये ठेवा आणि दाखवा.

थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोह यांच्यात चार तासांचं अंतर हवं. नाहीतर गोळी शोषली जात नाही, रक्ततपासणीतलं टीएसएच (थायरॉइड कमी पडत असल्याची खूण) वाढतं आणि डॉक्टर उगाच मात्रा वाढवतात. कॅल्शियम आणि लोहही एकत्र घेऊ नये. इसबगोल इतर औषधांपासून दोन तास लांब ठेवावा आणि मोठा पेला भरून पाण्याबरोबर घ्यावा. कमी पाण्यात तो घशातच फुगून अडकू शकतो.

रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर हळदीचा अर्क, लसणाच्या कॅप्सूल, गिंको, जास्त मात्रेतलं फिश ऑइल यांतलं काहीही विचारल्याशिवाय सुरू करू नये. वॉर्फरिन घेणाऱ्यांनी के जीवनसत्त्व असलेली मल्टिव्हिटॅमिनही टाळावी. मधुमेहाच्या गोळीवर कारलं-जांभळाचा रस किंवा मेथीच्या कॅप्सूल चढवल्या तर साखर अचानक खाली येऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ ही त्याची खूण. ज्येष्ठमध खोकल्याला चांगला, पण बरेच दिवस घेतला तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम घटतं. बीपीच्या रुग्णाने तो चघळत बसू नये. अश्वगंधा थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते, गरोदरपणात ती नकोच, आणि यकृताला इजा झाल्याची प्रकरणंही नोंदली गेली आहेत. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदी घातली.

गुळवेलीचं प्रकरण मुंबईतलं आहे. कोविडच्या पहिल्या वर्षी घरोघरी काढे उकळले जात होते, तेव्हा २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे गुळवेल घेतलेले, यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. त्यांचा शोधनिबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, वनस्पतीची ओळखच नीट पटवली नाही असा आक्षेप घेतला. वाद बाजूला ठेवला तरी व्यवहारात एक गोष्ट उरते: प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार असलेल्यांनी (थायरॉइडचा हाशिमोटो, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ल्युपस) प्रतिकारशक्ती ‘वाढवणारं’ काही घेण्याआधी विचारावं.

केसांसाठी बायोटिन घेणाऱ्यांनी रक्ततपासणीआधी लॅबला सांगावं. जास्त मात्रेतलं बायोटिन थायरॉइडचे आणि हृदयविकारात पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचे आकडे चुकवतं. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये याचा इशारा दिला. शस्त्रक्रिया ठरली असेल तर वनस्पतिजन्य सप्लिमेंट साधारण दोन आठवडे आधी थांबवतात, पण तारीख भूलतज्ज्ञांकडूनच घ्या.

फार लवकर गुण आला तर

गुडघेदुखीच्या पुडीने दुसऱ्या दिवशी माणूस जिना चढायला लागला, तर आनंद जरा आवरा. ‘हर्बल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात आधुनिक औषध मिसळण्याचे ठरलेले प्रकार आहेत: सांधेदुखीत डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं किंवा डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक, मर्दानी ताकदीत सिल्डेनाफिल, वजन उतरवण्यात भारतात बंदी असलेलं सिब्युट्रामिन, मधुमेहाच्या चूर्णात ग्लिबेनक्लामाइड. महिनोन्‌महिने स्टिरॉइड पोटात गेलं की चेहरा गोल होतो, वजन आणि साखर वाढते, कातडी पातळ होते. अशी शंका आली तर पुडी एकदम बंद करू नका. शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं थांबलेलं असतं आणि अचानक तोडल्याने रक्तदाब कोसळू शकतो. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, ते मात्रा हळूहळू उतरवतील. छातीत दुखण्यावर नायट्रेट घेणाऱ्याने तर ताकदीची अनोळखी गोळी घेऊच नये.

धातूंची मर्यादा आयुर्वेदिक वनस्पतिऔषधांसाठी अशी आहे: शिसं १० पीपीएम (दहा लाख भागांत १० भाग), आर्सेनिक ३, पारा १, कॅडमियम ०.३. कंपनीकडे त्या बॅचचा विश्लेषण अहवाल मागा. बॅच क्रमांक डबीवरच्याशी जुळतो का, हे चार आकडे आहेत का, आणि अहवाल एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचा आहे का, ते पाहा. सगळ्या बॅचना एकच अहवाल दाखवणारी कंपनी काही दाखवत नाही असंच धरा. अमेरिकेत राहणाऱ्यांनाही हे लागू आहे. २००४ मध्ये बॉस्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. आणि तिथल्या १९९४ च्या कायद्यानुसार सप्लिमेंटला बाजारात येण्यापूर्वी एफडीएची मंजुरी लागतच नाही, त्यामुळे नातेवाईकांनी बॅगेतून आणलेल्या डबीवरचं ‘यूएस एफडीए अप्रूव्ह्ड’ हेही निरर्थक.

जाहिरातीसाठी सोपी कसोटी १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यात आहे. त्याच्या अनुसूचीत ५४ आजार आहेत: मधुमेह, कर्करोग, हृदयविकार, फिट्स, लठ्ठपणा, मोतीबिंदू, नपुंसकत्व, अगदी उंची वाढवणंही. यांवर औषध असल्याची जनतेसाठी जाहिरात करणंच गुन्हा आहे, औषध खरं असो वा खोटं.

सुरू केल्यावर आणि बिघडल्यावर

एका वेळी एकच नवी वस्तू सुरू करा आणि तारीख डबीवरच लिहा. तीन डब्या एकदम सुरू केल्या तर पुरळ कशाने उठलं हे कोणालाच सांगता येत नाही. लघवी चहासारखी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं, अन्नावरची वासना उडणं, अंगाला खाज सुटणं ही यकृताची लक्षणं. यांत दोन दिवस वाट पाहायची नाही. डबी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

बिल, डबी आणि उरलेल्या गोळ्या टाकू नका. गोळ्या मूळ डबीतच राहू द्या, बॅच क्रमांकाशिवाय तक्रार उभी राहत नाही. दुष्परिणामाची नोंद गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे १८००-१८०-३०२४ वर देता येते, आयुष औषधांसाठी ‘आयुष सुरक्षा’ पोर्टल आहे. अन्न परवान्याची डबी असेल तर एफएसएसएआयचा १८००-११२-१०० किंवा ॲप. महाराष्ट्रात दोन्ही प्रकारांसाठी एफडीएचा १८००-२२२-३६५, गोव्यात बांबोळीचं अन्न व औषध प्रशासन संचालनालय. पैसे परत हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. खोट्या दाव्याची तक्रार करताना जाहिरातीचा तारखेसह स्क्रीनशॉट जोडा, कारण तक्रार पोचायच्या आत पान बदललेलं असतं. अन्नाच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे.

स्वतःच तपासणी करून घ्यायची असेल तर २००६ च्या कायद्याचं कलम ४० उपयोगी पडतं. शुल्क भरून कोणताही ग्राहक अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि नमुना नापास झाला तर शुल्क परत मिळतं. मात्र एक अट आहे, आणि तिच्यातच बहुतेक जण अडकतात: हा माल तपासणीसाठी घेत आहे, हे खरेदीच्या वेळीच दुकानदाराला सांगावं लागतं. म्हणून घरातली फोडलेली डबी नेऊ नका. त्याच बॅचची नवी, सीलबंद डबी घ्या, सोबत एक साक्षीदार न्या, आणि तपासणीचा हेतू लिहिलेल्या कागदाच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का आणि तारीख घ्या.